काचेच्या नळीचं ओझोन यंत्र, सिरॅमिक पट्टीचं यंत्र आणि वाफेच्या दोन पेट्या: आठ महिन्यांच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगून टाकावा, म्हणजे ज्याला घाई आहे त्याचं काम होईल. वाफेसाठी पेटी जुन्या पद्धतीची आणि बॉयलर नवा, ही जोडी सगळ्यात चांगली. ओझोन म्हणजे भाज्या धुण्यासाठी किंवा कुबट वास घालवण्यासाठी वापरतात तो तीव्र वासाचा वायू; तो बनवणाऱ्यांत नवं यंत्र हलकं आणि सोयीचं आहे, पण दमट हवेत ते लवकर मरतं. जुनं अवजड आहे, पण पुसून, दुरुस्त करून वर्षानुवर्षं चालवता येतं. आणि ‘ओझोन स्टीम बाथ’ म्हणून ही दोन्ही एकत्र विकली जातात, म्हणजे वाफेच्या पेटीतच ओझोन सोडला जातो, ती जोडणी घरात करूच नये. कारणं पुढे येतातच.

तुलना चार वस्तूंची आहे. एक, काचेची नळी आणि ५० हर्ट्झचा जड ट्रान्सफॉर्मर असलेलं जुनं ओझोन यंत्र. दोन, भाज्या धुण्यासाठी मिळतं तसं सिरॅमिक पट्टीचं नवं यंत्र, लेबलवर ४०० मिलिग्रॅम प्रति तास. तीन, डोकं बाहेर ठेवून बसायची फायबरग्लासची जुनी पेटी, २ किलोवॉटच्या बॉयलरसह. चार, घडी घालून ठेवता येणारा कापडी तंबू आणि त्याचं १ किलोवॉटचं भांडं. वापर उन्हाळा आणि पूर्ण पावसाळा, दोन्हींत झाला. हे महत्त्वाचं, कारण फरक पावसाळ्यातच कळतो.

दोन्ही ओझोन यंत्रांचं तत्त्व एकच, वर्नर फॉन सीमेन्सने १८५७ मध्ये वापरलं तेच: दोन विद्युतअग्रांमध्ये काच किंवा सिरॅमिकसारखा विद्युतरोधक ठेवायचा, उच्च विद्युतदाब द्यायचा आणि फटीतून हवा सोडायची. जुन्या यंत्रात हे काम काचेची नळी करते आणि दाब काही हजार व्होल्टचा, घरातल्याच ५० हर्ट्झवर. नव्यात पातळ सिरॅमिक पट्टीवर धातूच्या रेघा छापलेल्या असतात आणि छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट हजारो हर्ट्झने ती चालवतं. त्यामुळे वजन किलोंवरून ग्रॅमांवर येतं. पण ते सर्किट राळेत ओतून बंद केलेलं असतं. बिघडलं की अख्खा डबा बदलायचा. जुन्यात ट्रान्सफॉर्मर, नळी आणि पंप, तिन्ही सुटे निघतात.

खरा शत्रू आर्द्रता. दमट हवा फटीतल्या विद्युतस्रावातून गेली की ओझोन कमी तयार होतो, आणि हवेतल्या नायट्रोजनपासून बनलेले ऑक्साइड पाण्याशी मिळून नायट्रिक आम्ल होतं. नव्या पट्टीवर जुलै-ऑगस्टमध्ये पांढरट चिकट थर दिसतो तो त्याच प्रक्रियेतून. तो वाढला की धातूच्या रेघा खाल्ल्या जातात, एका जागी ठिणगी बसते आणि पट्टीला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडतं. निरोगी पट्टी अंधारात सगळीकडे सारखी फिकट जांभळी दिसते आणि बारीक, सलग सूं आवाज करते. एकाच ठिकाणी पांढरा ठिपका आणि टक-टक आवाज सुरू झाला की ती पट्टी संपली. ती पुसून परत येत नाही. काचेच्या नळीवरही तोच थर बसतो, पण काच पुसली की पुन्हा नवी.

उपाय हवा कोरडी करणे हाच, आणि त्याचा हिशोब घरी करता येतो. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली की घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी असतं. पंप मिनिटाला ३ लिटर हवा ओढत असेल, तर पंधरा मिनिटांत ४५ लिटर हवा, म्हणजे जवळजवळ १.१ ग्रॅम पाणी यंत्रात जातं. सिलिका जेल १०० ग्रॅम भरली आणि ती १५ ग्रॅम पाणी धरेपर्यंतच वापरायची असं ठरवलं, तर बारा-तेरा वेळा यंत्र चालेल. नंतर ती ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास भाजून घ्यायची आणि गरम असतानाच घट्ट झाकणाच्या बरणीत भरायची. रंग बदलणारी जेल घ्या, म्हणजे अंदाज लावावा लागत नाही. नळीचा क्रम असा: पंप, जेलची बाटली, मग ओझोनचा भाग. काही स्वस्त यंत्रांत पंप ओझोनच्या भागानंतर बसवलेला असतो. तिथे पंपाचा रबरी पडदा ओझोनने तडकतो आणि दोष मात्र पट्टीवर ढकलला जातो.

पट्टी पुसायची पद्धत: प्लग काढायचा, दहा मिनिटं थांबायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने रेघांच्या दिशेने हलकं पुसायचं आणि पूर्ण वाळल्याशिवाय चालू करायचं नाही. ओल राहिली तर पहिल्याच मिनिटात ठिणगी पडते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, एरवी दोन महिन्यांतून एकदा पुरतं.

यंत्राची ताकद कमी होतेय का, हे वासावरून ठरवू नका. नाकाला ओझोन अगदी थोडा असतानाच कळतो, पण काही मिनिटांत नाक सरावतं. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं मेथिलीन ब्लू घ्या. एक लिटर थंड पाण्यात दोन थेंब, त्यात यंत्राची नळी, आणि निळा रंग पूर्ण जायला किती मिनिटं लागतात ते लिहून ठेवा. भांडं, थेंब, पाण्याचं तापमान दर वेळी तेच. ही चाचणी ग्रॅम सांगत नाही, पण घसरण नेमकी दाखवते. जेलशिवाय, भर पावसात नव्या यंत्राला जवळपास दुप्पट वेळ लागला. नळी पुसलेल्या जुन्या यंत्राचा फरक त्याहून बराच कमी होता. लेबलवरचा आकडा बहुधा कोरड्या हवेचा किंवा शुद्ध ऑक्सिजनचा असतो, हे खरेदीच्या वेळी विचारून घ्या.

ओझोन देणारा तिसरा प्रकार अतिनील दिव्याचा, १८५ नॅनोमीटरचा. त्यात ओझोन कमी निघतो, पण नायट्रिक आम्लाची कटकट नाही आणि दमटपणाही त्याला बराच सोसतो. कोकणपट्टीत, मुंबईत, गोव्यात फक्त पाण्याच्या भांड्यापुरतं यंत्र हवं असेल तर याचा विचार जरूर करावा. दिवा २५४ नॅनोमीटरचाच असेल तर तो ओझोन बनवत नाही, उलट मोडतो; दुकानदार अनेकदा दोन्ही एकच म्हणून दाखवतात. पेटलेल्या दिव्याकडे पाहायचं नाही. फुटलेला दिवा कचऱ्यात टाकायचा नाही, आत पारा असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा आकडा. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे साधारण २८ घनमीटर. कामाच्या जागेसाठी अमेरिकेत मानलेली ०.१ पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग) मर्यादा म्हणजे घनमीटरला सुमारे ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे पूर्ण खोलीत साडेपाच मिलिग्रॅमच्या आसपास. ४०० मिलिग्रॅमचं यंत्र खरंच तेवढं देत असेल तर बंद खोली पन्नास सेकंदांत तिथे पोचते. भारताच्या २००९ च्या हवा मानकांत आठ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे त्याच्याही निम्मी. म्हणून ‘खोलीत लावून झोपा’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दम्याच्या माणसाला तर हा वायू फार लवकर लागतो. कुबट वासासाठी रिकाम्या खोलीत लावायचंच असेल, तर माणसं, पाळीव प्राणी, कुंड्या बाहेर. फ्रिज असलेली खोली टाळा, कारण दाराच्या गास्केटला ओझोन सोसेलच असं नाही. नंतर खिडक्या उघडून, पंखा लावून तासभर कुणी आत जायचं नाही. त्या दिवशी लिंबाच्या वासाच्या फ्लोअर क्लीनरने फरशी पुसू नका. त्यातल्या लिमोनीनशी ओझोनची प्रक्रिया होऊन फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात.

भाज्यांसाठी: पाच लिटर थंड पाणी, पातेलं बाल्कनीत किंवा चालू एक्झॉस्टखाली, दहा मिनिटं. पाणी जितकं थंड तितका ओझोन जास्त विरघळतो. बुडबुडे मोठे असतील तर बहुतेक वायू वर येऊन हवेतच जातो, म्हणून बारीक छिद्रांचा सिरॅमिक एअर स्टोन वापरा. भाजीच्या आत शिरलेलं कीटकनाशक याने निघत नाही, हेही तितकंच खरं. नळी सिलिकॉनची किंवा टेफ्लॉनची हवी. साध्या रबराला काही आठवड्यांत आडव्या भेगा पडतात.

वाफेकडे वळू. आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. चरकसंहितेतल्या तेरा साग्नि स्वेदांत, म्हणजे उष्णता देऊन घाम काढण्याच्या प्रकारांत, नळीने वाफ देणारा नाडीस्वेद आहे, आणि १९४६ मध्ये गांधीजींनी उरुळीकांचनला सुरू केलेल्या निसर्गोपचार आश्रमामुळे बाष्पस्नान महाराष्ट्रात अनेकांच्या ओळखीचं झालं.

जुनी फायबरग्लासची पेटी उष्णता धरून ठेवते, आत वाफ सारखी पसरते, पुसली की स्वच्छ. तंबू पाच मिनिटांत तापतो पण तितक्याच वेगाने थंड होतो, आणि कापडावरून थेंब पाठीवर पडत राहतात. तंबूची खरी अडचण मात्र नंतरची आहे. तो उलटा करून, शिवणी पुसून, पंख्याखाली चार-पाच तास वाळवला नाही तर पावसाळ्यात आठवड्याभरात शिवणीत काळी बुरशी धरते. ज्यांच्याकडे जागा नाही त्यांनी तंबू घ्यावा, पण हे काम रोजचं आहे हे धरून घ्यावा. जुनी पेटी घेताना दाराची कडी बाहेरून लागणारी आहे का ते आधी बघा. असेल तर ती काढून चुंबकी पकड बसवा. चक्कर आलेल्या माणसाला नुसत्या धक्क्याने दार उघडता आलं पाहिजे.

बॉयलरच्या बाबतीत नवं निःसंशय चांगलं, पण एक सावधगिरी. काही जुन्या आणि आजही मिळणाऱ्या स्वस्त भांड्यांत कॉइल नसते, दोन उघड्या पट्ट्या थेट पाण्यात असतात आणि वीज पाण्यातूनच वाहते. असं भांडं घेऊ नका, घरात असेल तर वापरू नका. आरओच्या पाण्यावर ते वाफच देत नाही, मग लोक मीठ टाकतात, प्रवाह वाढतो, उकळतं पाणी उडतं, आणि ते पाणी स्वतः करंट लागणारं असतं. बंद आवरणातली कॉइल, कोरडं पडल्यावर बंद करणारा थर्मोस्टॅट आणि वेगळा थर्मल फ्यूज, या तिन्ही गोष्टी नव्या भांड्यात असायलाच हव्यात. २ किलोवॉटचा बॉयलर जवळपास ९ अँपियर घेतो, म्हणून १६ अँपियरचं सॉकेट, चांगलं अर्थिंग, आणि सर्किटला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच. एक्स्टेन्शन बोर्ड नको.

पाणी किती भरायचं यात बहुतेकजण चुकतात. १ किलोवॉटचं भांडं उकळी आल्यावर वीस मिनिटांत जेमतेम ५३० मिलिलिटर पाण्याची वाफ करतं. काठोकाठ दोन लिटर भरलं तर उकळी यायलाच साडेदहा मिनिटं जातात. एक लिटर भरा. पाच-सहा मिनिटांत वाफ सुरू होते आणि शेवटी कॉइलवर अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी उरतं. किमान पाण्याची खूण त्याखाली आहे ना, एवढं पाहा. अर्ध्या तासाला वीज अर्धा युनिट.

भांडं वाफ देता देता मध्येच बंद पडू लागलं तर थर्मोस्टॅट बदलायची घाई नको. बहुतेक वेळा तळाशी क्षार साचलेला असतो, उष्णता पाण्यात जात नाही आणि थर्मोस्टॅट आधीच उडतो. बोअरच्या पाण्यावर हे महिन्याभरात होतं. एक लिटर कोमट पाण्यात २५ ग्रॅम सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, घालून अर्धा तास ठेवा, ओता, दोनदा धुवा. हे पाणी उकळू नका. तापलं की कॅल्शियम सायट्रेटचा नवा थर तळाशी बसतो. वाफेच्या पाण्यात निलगिरीचं तेल थेट टाकू नका, त्याने प्लास्टिकचे जोड आणि सील खराब होतात; कापडावर दोन थेंब टाकून ते वाफेच्या तोंडापासून लांब ठेवा.

भाजण्याचे प्रकार होतात ते वाफेच्या नळीमुळे. नळी मध्ये लोंबकळली की खोलगट भागात पाणी साचतं आणि वाफ ते उकळतं पाणी झटक्यात पायावर फेकते. नळीचा उतार सलग हवा, शक्यतो भांड्याकडे परत. नळीच्या तोंडावर छिद्रांचा लाकडी खोका ठेवा आणि पाय त्यापासून किमान एक फूट दूर. तापमापक छातीच्या उंचीवर लावा. ४२ ते ४५ अंश पुष्कळ झाले. शंभर टक्के आर्द्रतेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर कोरड्या सौनापेक्षा कमी तापमानातही लवकर तापतं. दहा मिनिटांपासून सुरुवात, पंधराच्या वर नको. गर्भारपण, हृदयविकार, कमी रक्तदाब, ताप, दारू घेतलेली असताना नकोच. वजन काट्यावर जे उतरतं ते पाणी असतं, पाणी प्यायलं की परत येतं.

आता पेटीत ओझोन सोडण्याविषयी. डोकं बाहेर असलं तरी गळ्याभोवतीची फट नाकापासून वीतभर अंतरावर असते, आणि गरम वाफ वरच जाते. छोट्या बाथरूममध्ये तर खोलीचं गणित वर दिलंय त्याहून वाईट होतं. गळ्याचं इलॅस्टिक ओझोनने सैल पडतं, म्हणजे गळती महिन्यागणिक वाढते. पंप बंद केला की पेटी थंड होईपर्यंत वाफ नळीतून उलटी ओझोनच्या पट्टीवर जाते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे उलटा प्रवाह अडवणारी झडप, नसेल तर नवी पट्टी थोड्याच दिवसांत जाते. आणि ज्या फायद्यासाठी हे करायचं, त्याबद्दल अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे अन्न आणि औषध नियामक संस्थेच्या, नियमात ओझोन हा विषारी वायू असून उपचारात त्याचा कोणताही ज्ञात उपयोग नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे. कुणाकडे अशी जोडलेली पेटी आधीच असेल, तर ओझोनची नळी काढून घ्या, ते भोक सिलिकॉनच्या बुचाने बंद करा आणि पेटी निव्वळ वाफेसाठी वापरा. गळ्याला इलॅस्टिकऐवजी जाड सुती टॉवेल दोन वेढे घेतला की वाफ उत्तम अडते आणि धुताही येतो.