आठ महिन्यांनंतर: डिकोडर चांगला, करडी वायर नालायक

डिकोडर म्हणजे मॉडेल रेल्वेच्या इंजिनात बसणारी, रुळांतून येणारे डिजिटल हुकूम ऐकून मोटर आणि दिवे चालवणारी छोटी चकती. पहिल्या महिन्यात या डिकोडरला पाचपैकी एक तारा दिला होता. आज चार देतोय. पाचवा करड्या वायरसाठी कापलाय.

इंजिन एचओ स्केलचं (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं), जुनं, साध्या डीसीवर चालणारं. डिकोडर खोचायचं आठ पिनांचं सॉकेट नाही, म्हणजे एकेक वायर सोल्डर करणं आलं. एनएमआरएचे (अमेरिकेतली मॉडेल रेल्वे संघटना) ठरलेले वायरींचे रंग तुम्हाला पाठ असतीलच: लाल-काळी रुळांकडून, केशरी-करडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी दोन्ही दिव्यांची सामाईक. मोटरचा एक ब्रश (वीज आत नेणारा तुकडा) चासीला टेकलेला होता. तो टेप लावून सुटा केला, चाकं आणि ब्रश यांच्यात मल्टिमीटर काही दाखवत नाही ना हे दोनदा पाहिलं. डिकोडर जाळायचा राजमार्ग टाळला तो असा. मग आडवाटेने गेलो.

कारण या डिकोडरची करडी वायर करडी नाहीच! पांढरी वायर चार दिवस खिशात ठेवली तर जितकी मळेल, तितकाच तिचा रंग. रात्री टेबल लॅम्पच्या पिवळ्या उजेडात दोघी जुळ्या बहिणी. मी पांढरी मोटरला लावली आणि करडी दिव्याला.

पुढची गंमत बघा. थ्रॉटल पुढे फिरवला की दिवा लागायचा, इंजिन जागच्या जागी. दिव्याचं बटण दाबलं की इंजिन चालायला लागायचं! बटण बंद केलं की इंजिन थांबायचं, दिवा मात्र चालूच. मागे तर हलायचंच नाही. दोन संध्याकाळी डोकं खाजवत काढल्या. आता कळतं ते सरळ आहे. पुढे जाताना केशरी वायर धन होते आणि करडी ऋण, म्हणून करडीवरचा दिवा थ्रॉटलवर लागतो. पांढरी फक्त दिवा चालू असतानाच ऋणाकडे खेचते, म्हणून मोटर दिव्याच्या बटणाची गुलाम. मागे जाताना केशरी ऋण होते आणि पांढरी बंद असते, मग मोटरला मिळणार काय?

खरं तर आधीच सावध व्हायला हवं होतं. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (सेटिंगसाठीचा वेगळा रूळ) सीव्ही, म्हणजे डिकोडरमधली आकड्यांची सेटिंग्ज, वाचायला गेलो तर इंजिन उत्तरच देत नव्हतं. हा डिकोडर उत्तर देतो ते मोटरमधून क्षणभर करंट खेचून, आणि मोटर तर जोडलेलीच नव्हती. मी मात्र रूळ पुसत बसलो.

तिसऱ्या संध्याकाळी पांढरं आउटपुट गेलं. दिव्यासाठी असलेल्या आउटपुटमधून मोटर ओढायची म्हणजे बकरीला नांगराला जुंपण्यासारखं. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की सोल्डर केलेला माल परत घेत नाही, आणि वायर करडीच आहे. मी दिवसाउजेडी काढलेला फोटो पाठवला. त्याला उत्तर नाही. त्याच दिवशी तो एक तारा दिला.

पण डिकोडर फेकून देणं माझ्या स्वभावात नाही. मोटरचा भाग शाबूत होता. करडी काढून मोटरला लावली, रागाच्या भरात केशरीशी अदलाबदल झाली, आणि पुढे म्हटलं की इंजिन मागे जायला लागलं. परत इंजिनाचं कवच उघडायचा कंटाळा. सीव्ही २९ मध्ये ६ च्या जागी ७ टाकला, दिशा उलटली. पुढचा दिवा मेलेलाच होता, म्हणून दिवे बंद ठेवून तीन महिने गाडी चालवली. तेव्हा मी दोघातिघांना मोठ्या तोऱ्यात सांगितलंही होतं, दिशा चुकली तर वायरी कशाला बदलता, एक आकडा बदला. ते शब्द मागे घेतो.

मधल्या काळात एक सुखद धक्का बसला. हळू वेगात इंजिन आचके देत होतं, आणि मी अर्थातच डिकोडरला शिव्या घालत होतो. मोटरवर एक चिमुकला कपॅसिटर होता, मूळ डीसी वायरिंगमधला. तो कापला, आणि इंजिन असं सरपटायला लागलं की एकेक स्लीपर मोजून घ्यावा. मोटर फिरताना उलट तयार होणारा दाब मोजून डिकोडर वेग धरतो, तो कपॅसिटर त्यात खोडा घालत होता. त्या रात्री दोन तारे वाढवले.

पाचव्या महिन्यात मोकळी हिरवी वायर पुढच्या दिव्याला जोडली आणि सीव्ही ३३ मध्ये ४ टाकला. पुढे जाताना कोणत्या वायरीवर दिवा लागावा ते ३३ ठरवतो, मागे जातानाचं ३४; २ म्हणजे पिवळी, ४ म्हणजे हिरवी. फुकटात दिवा! लावून बघतो तर इंजिन पुढे आणि उजेड मागे. सीव्ही २९ मोटरबरोबर दिव्यांचीही दिशा उलटवतो, आणि माझ्या फक्त मोटरच्याच वायरी उलट्या होत्या. तरीही कवच उघडलं नाही. सीव्ही ३३ मध्ये २, ३४ मध्ये ४, झालं काम.

सातव्या महिन्यात भलत्याच सीव्हीत काहीतरी टाकून बसलो, म्हणून सीव्ही ८ मध्ये ८ टाकून रीसेट केलं. त्या संध्याकाळी लांब मालगाडीला दोन इंजिनं लावली होती. दुसरं त्याच मॉडेलचं, कारखान्यातून डिकोडर बसवून आलेलं. दोन्हींचा पत्ता ३, म्हणजे एका थ्रॉटलवर दोन्ही. थ्रॉटल फिरवला. एक पुढे, एक मागे, मधल्या कपलिंगवर रस्सीखेच, चाकं घसरतायत आणि गाडी इंचभरही हलत नाही. रीसेटने सीव्ही २९ मधल्या ७ चा परत ६ केला होता.

शेवटी कवच उघडून केशरी-करडीची अदलाबदल केली. दहा मिनिटं लागली. सीव्ही २९ सहावरच राहिला, ३३ मध्ये पुन्हा ४, आणि ३४ चा मूळचा २ तसाच. पिवळी मागे, हिरवी पुढे, सगळं जिथल्या तिथे. तेव्हा चौथा तारा दिला.

तिसऱ्या इंजिनासाठी हाच डिकोडर मागवला, कारण एवढं सगळं होऊनही सरपटण्यात याचा हात धरणारा दुसरा मी वापरलेला नाही. पाकीट काल आलं. करडी वायर चांगली ठसठशीत करडी आहे, अंधारातही ओळखावी अशी. म्हणजे माझा दिवसाउजेडीचा फोटो कुणीतरी पाहिला होता तर! पाचवा तारा तरीही देणार नाही. माझं पांढरं आउटपुट कुठे परत दिलंय कुणी?