आईचा डोंबिवलीचा फ्लॅट विकला: एजंटचा अनुभव आणि दलाली कशी ठरवली

आईचा डोंबिवली पूर्वेचा टू बीएचके शेवटी विकला गेला, रजिस्ट्रेशन झालं, खरेदीदाराच्या बँकेचा चेक आईच्या खात्यात जमा पण झाला, म्हणून आता शांतपणे लिहायला बसलेय. एजंटचं नाव टाकत नाहीये कारण चांगल्यासोबत एक मोठी तक्रार पण आहे आणि त्या माणसाच्या धंद्यावर परिणाम व्हावा असं मला वाटत नाही. रेटिंग ५ पैकी ४. पण खरं सांगायचं तर हे एजंटपेक्षा दलालीबद्दलच जास्त आहे, कारण घर घेताना आपण रुपया रुपया घासाघीस करतो आणि विकताना दलालीचा आकडा ऐकून गप्प मान हलवतो.

बिल्डिंग जुनी आहे, तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण स्टेशनला चालत जाता येतं आणि डोंबिवलीत ह्याला किंमत आहे. आम्ही ६२ लाख धरले होते. पहिला एजंट आला (हे ४ स्टार त्याला नाहीत), घर नीट बघितलं पण नाही, दारातच म्हणाला दोन टक्के प्लस जीएसटी, सगळीकडे हाच सरकारी रेट आहे. म्हणजे १ लाख २४ हजार, त्यावर १८ टक्के २२,३२०, टोटल १ लाख ४६ हजार ३२०. मी त्याच्यासमोरच मोबाइलवर हिशोब केला आणि विचारलं, जीएसटी नंबर काय तुमचा? तर म्हणे ते बघू आपण ताई, अर्धे कॅश दिलेत तर जीएसटीचं काही टेन्शनच नाही. त्याला तिथूनच नमस्कार केला. प्लीज लक्षात ठेवा, महाराष्ट्रात दलालीचा सरकारी रेट वगैरे काही नाही. महारेरा (घरबांधणी आणि एजंटांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) एजंटची नोंदणी करतं, आता परीक्षा पण घेतं, पण टक्के किती घ्यायचे हे ठरवत नाही. एक, दोन हे सगळं चालत आलेलं आहे आणि बोलून कमी होतं. आणि जीएसटी तोच लावू शकतो ज्याच्याकडे नंबर आहे. सर्व्हिसवाल्याचा वर्षाचा धंदा २० लाखांच्या आत असेल तर बऱ्याच जणांची नोंदणीच नसते, मग तो १८ टक्के कोणाच्या खिशात जातो ते तुम्हीच बघा.

दुसरे एजंट म्हणजे हे काका, शेजारच्या बिल्डिंगमधल्यांनी सुचवले. पन्नाशीचे असतील, आले तेव्हा चप्पल बाहेर काढून सगळ्या खोल्या फिरले, बाथरूमचे नळ सोडून प्रेशर बघितलं, वरच्या स्लॅबला ओल आहे का ते हात लावून बघितलं. आईने चहा दिला आणि मग बोलणी. त्यांनी पण दोन टक्क्यांपासूनच सुरुवात केली. मी म्हणलं काका, खरेदीदाराकडून पण तुम्ही घेणारच ना? म्हणाले हो, दोन्हीकडून घेतो, तसंच असतं. मग म्हणलं ठीक आहे, तुम्ही दोघांचे आहात तर माझ्याकडून एक टक्का.

इथपर्यंत सगळेच करतात. पण मला आदल्या रात्री एक गोष्ट सुचली होती आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. समजा एक टक्का ठरला आणि काकांनी ६२ च्या ऐवजी ६० ला सौदा करून टाकला, तर आईचे २ लाख गेले आणि त्यांचे गेले फक्त २ हजार. मग २ हजारांसाठी ते अजून महिनाभर कशाला गिऱ्हाईकं आणत बसतील, जे आलंय त्यालाच आम्हाला पटवून देतील ना, आणि त्यांच्या जागी कोणीही हेच करेल. म्हणून मी म्हणलं ६० लाखांपर्यंत एक टक्का, ६० च्या वर जे काही आणाल त्या वरच्या रकमेवर पाच टक्के. ते आधी हसले, म्हणाले असं आमच्यात कोणी करत नाही. मग कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने आकडे मांडले, दोनदा मांडले, आणि म्हणाले चालेल.

"मला इतके हातात द्या, वरचे तुमचे" असंही काही लोक एजंटला सांगतात, ते मात्र करू नका. मग खरेदीदाराला काय भाव सांगितलाय तेच आपल्याला कळत नाही आणि वरची रक्कम कॅशमध्ये फिरते.

सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलं. मेसेज जसाच्या तसा देते: "६० लाखांपर्यंत १ टक्का, त्यावरील रकमेवर ५ टक्के. ४५ दिवस फ्लॅट फक्त तुमच्याकडे. आमच्या ओळखीतून गिऱ्हाईक आलं तर दलाली नाही. टोकनच्या वेळी काही नाही, अर्धी रजिस्ट्रेशनच्या दिवशी, अर्धी बँकेचे पैसे आईच्या खात्यात आल्यावर. सगळं चेकने, पावतीसह." त्यांनी खाली "मान्य" असं टाइप केलं. ४५ दिवस एकाच माणसाला देण्यात रिस्क आहे असं दादा फोनवर म्हणाला, पण चार एजंटना चावी दिली की एकच गिऱ्हाईक दोघं घेऊन येतात आणि मग दलाली कोणाची ह्यावरून आपल्या दारात भांडणं, हे मी मावशीच्या घराच्या वेळी बघितलंय. टोकनला, म्हणजे सौदा ठरल्यावर खरेदीदार आगाऊ रक्कम देतो तेव्हा, पूर्ण दलाली तर अजिबात देऊ नका, टोकननंतर लोन रिजेक्ट होऊन सौदे मोडतात.

पाच पार्ट्या आल्या. चौथी ६० वर अडली होती, आई द्यायला तयार झाली होती, तर काकांचाच फोन, ताई दोन दिवस थांबा, आईंना हो म्हणू देऊ नका. त्यांनी त्या लोकांना परत एकदा संध्याकाळी आणलं, गॅलरीतला वारा दाखवला, पाण्याच्या वेळा सांगितल्या, आणि ६१ लाख ५० हजारांवर फायनल केलं. त्यांची दलाली झाली ६०,००० अधिक दीड लाखाचे ५ टक्के ७,५००, म्हणजे ६७,५००. जीएसटी नंबर नाही असं त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगितलं होतं, तर तो लागला नाही.

आता तक्रार. फ्लॅट आई-बाबांच्या जॉइंट नावावर होता, बाबा जाऊन चार वर्षं झाली. सोसायटीत आईचं नॉमिनेशन होतं त्यामुळे आम्ही निर्धास्त. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बाबांच्या हिश्शात माझा आणि दादाचा पण हक्क येतो, आणि आमचं दोघांचं आईच्या नावे रजिस्टर केलेलं हक्कसोड पत्र लागतं. हे आम्हाला कळलं खरेदीदाराच्या बँकेच्या वकिलाकडून, टोकन झाल्यावर! दादाला बंगलोरहून सुट्टी काढून यावं लागलं, तीन आठवडे गेले, खरेदीदार हलायला लागला, आईचं बीपी वाढलं. मला ह्याचा फार राग आला आणि मी काकांना तसं सांगितलं पण. शेअर सर्टिफिकेटवर बाबांचं नाव त्यांनी पहिल्या दिवशी स्वतः वाचलं होतं. इतकी वर्षं धंद्यात असलेल्या माणसाने तेव्हाच विचारायला हवं होतं. त्यांनी चूक मान्य केली, सब रजिस्ट्रार ऑफिसला दिवसभर आमच्यासोबत बसले, पण एक स्टार तिथेच गेला.

फोटो पण बेकार काढले होते, दोरीवर कपडे वाळत असताना. ते मी परत काढून दिले.

सोसायटीने ट्रान्सफर प्रीमियमचे (फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते ते) ५० हजार सांगितले होते, तिथे काका कामाला आले. महापालिका हद्दीत २५ हजारांच्या वर घेता येत नाही हे त्यांनी सेक्रेटरींना शांतपणे सांगितलं, आणि ते २५ हजार आम्ही आणि खरेदीदाराने अर्धे अर्धे भरले.

शेवटच्या हिशोबात आईचा एक गोंधळ झाला. खात्यात ६१,५०० कमी आले. तिला वाटलं काकांनी परस्पर दलाली कापून घेतली, आणि वर आपण परत ६७,५०० देतोय. रात्री साडेदहाला मला फोन. ते ६१,५०० म्हणजे टीडीएस, ५० लाख किंवा त्याच्या वरच्या घराला खरेदीदाराने एक टक्का कापून आईच्या पॅनवर सरकारकडे भरायचा असतो, रिटर्न भरताना तो धरला जातो. घरात वयस्कर माणसाच्या नावावर फ्लॅट असेल तर हे आधीच समजावून ठेवा. आणि दलालीची पावती जपून ठेवा, कारण कॅपिटल गेन, म्हणजे घर विकून झालेला करपात्र नफा, काढताना दलाली विक्रीच्या रकमेतून वजा होते, कॅशने दिली आणि कागद नसला की ते पण गेलं. आमच्या सीएने पहिला प्रश्न पावतीचाच विचारला.

तळमजल्यावरच्या जोशी काकूंचा फ्लॅट आता हेच काका बघतायत. त्यांना दीड टक्का सांगितला होता, काकूंनी माझा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज दाखवला आणि एकवर आले.