घर खाली करा म्हणतंय कोण? कोर्टातल्या फुकटच्या वकिलाचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढं सांगतो.

कोल्हापुरात कसबा बावडा रोडवरच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथनं मोफत वकील मिळतो. लोकांना वाटतं फुकटचा वकील म्हणजे जेलमधल्या आरोपीला देतात तो. तसं काय नाही ओ, घराच्या भांडणाला पण देतात. बाई असेल तर उत्पन्न कितीका असेना, एससी, एसटी, अपंग यांना पण तसंच, बाकीच्यांचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखाच्या आत पाहिजे.

आमच्या शेजारच्या काकू मंगळवार पेठेत जुन्या वाड्यात भाड्यानं राहतात, लोकांच्यात स्वयंपाकाला जातात. म्हातारा मालक होता तोवर सगळं गुण्यागोविंदानं, तो गेला आणि पोराला अपार्टमेंट सुचलं. आधी भाडं घ्यायचंच बंद केलं, मग म्हणतोय भाडं थकवलंय, मग एक दिवस नळ तोडला आणि त्याच आठवड्यात एजंट स्टॅम्पपेपर घेऊन दारात, "काकू सही करा, पन्नास हजार घ्या, विषय मिटवा." पन्नास हजारात कोल्हापुरात आज डिपॉझिट देऊन सामान हलवलं की संपलं की.

प्राधिकरणाच्या पॅनेलवरची (वकिलांच्या यादीतली) जी वकीलबाई मिळाली ती कामाची निघाली. काकूंनी पिशवीतनं एक खिशातली डायरी काढली, त्यात दर महिन्याला रक्कम आणि खाली म्हाताऱ्याची वेडीवाकडी सही. मला वाटलं हा काय पुरावा? बाईंनी पानन्‌पान बघितलं, पहिलं आणि शेवटचं पान आधी फोटो काढून ठेवा म्हणाल्या, लाईट बिलं आणि रेशनकार्ड वेगळं लावलं. मग काकूंना समजंल असं सांगितलं की भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, कोर्टाच्या हुकमाशिवाय मालक हात धरून बाहेर काढू शकत नाही. भाडं थकलं म्हणायचं तर आधी लेखी नोटीस आणि ९० दिवस वाट बघायला लागते, त्यानंतर दावा. दावा दाखल झाला तरी समन्स मिळाल्यापासनं ९० दिवसात थकबाकी, १५ टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला तर नुसत्या थकबाकीवरनं घर जात नाही. पाणी, लाईट तोडता येत नाही, ते जोडून मागायला कोर्टात वेगळा अर्ज करता येतो (कलम २९). आणि वाडा पाडायचाय म्हटलं म्हणून झालं नाही, बांधायला पैसा आहे का, नकाशे केलेत का, हे कोर्ट तपासतं. मालक घेत नसला तरी भाडं पाठवत राहा आणि पोच जपा, हे त्यांनी दोनदा बजावलं.

मालकाच्या नोटिशीला उत्तर गेलं, पाण्याचा अर्ज दाखल झाला, काकूंचा एक रुपया गेला नाही. पाणी परत आलंय. दावा अजून चालू आहे.

आता तो कापलेला स्टार. वकील फुकट मिळाला म्हणून तारखा काय लवकर पडत नाहीत, काकूंचा कामाचा खाडा होतोच आणि तो कुणी भरून देत नाही. दोष ऑफिसचा नाही, पण स्टार तर कुणाचातरी कापायलाच लागणार.

लोकअदालतीत मिटवा असंही कुणीतरी सुचवंल. चांगली सोय आहे, दावा तिथं मिटला तर कोर्ट फी परत मिळते. पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, त्यामुळं रक्कम, तारीख, नवीन इमारतीत खोली मिळणार का, सगळं कागदावर आल्याशिवाय अंगठा उठवू नका.

अकरा महिन्याच्या करारावर राहणाऱ्यांनी मात्र चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. मुदत संपल्यावर बसून राहिलात तर भाड्याच्या दुप्पट नुकसानभरपाई लागू शकते, तिथं वकील फार तर चार दिवस मागून घेईल. करार रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे एवढं ध्यानात ठेवा, नसला केलेला तर भाडेकरू सांगतो त्या अटी खऱ्या धरतात, मालकानं उलटं सिद्ध करायचं. जायच्या आधी विचारायचं असेल तर १५१०० ला (विधी सेवेची हेल्पलाईन) फोन लावा, आणि जाताना सगळ्याच्या झेरॉक्स घेऊन जा.