तीन-चार कर्जं आणि घरात लहान मूल: आधी कुठलं फेडावं?

हप्ते वेळेवर जातात, महिनाअखेरीला थोडंफार उरतंही, पण ते नेमकं कुठल्या कर्जात घालायचं यावर नवरा-बायकोचं एकमत होत नाही. अशा घरासाठी हे लिहितो आहे. रस्ते मुख्यतः तीन. जास्त व्याजाचं कर्ज आधी संपवायचं, सगळ्यात लहान कर्ज आधी संपवायचं, किंवा सगळ्यांची मोट बांधून एकच नवं कर्ज घ्यायचं. पहिल्या दोन रस्त्यांवर लोक हिरिरीने भांडतात, पण खरा धोका बहुतेक वेळा तिसऱ्यात असतो.

आधी व्याजदर एका मापात आणा

तुलना करायची तर सगळे दर एकाच पद्धतीने मोजलेले हवेत, आणि ते तसे नसतात. क्रेडिट कार्डावर ‘दरमहा ३ टक्के’ लिहिलेलं असतं. थकबाकी तशीच राहिली तर चक्रवाढीने ते वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं आणि दोन वर्षांत रक्कम दुप्पट होते. वस्तूंच्या हप्त्यांवर ‘फक्त १० टक्के फ्लॅट’ म्हणतात. म्हणजे मुद्दल दर महिन्याला कमी होत असतानाही व्याज पूर्ण मूळ रकमेवरच लावलेलं असतं. तीन वर्षांच्या मुदतीत हा दर, घटत्या शिल्लकीवर मोजला तर, जवळपास १८ टक्के पडतो. त्यामुळे १४ टक्क्यांचं पर्सनल लोन महाग आणि १० टक्क्यांचा हप्ता स्वस्त, असं समजून बसलेलं घर उलट क्रमाने फेड करत असतं.

एका संध्याकाळी दोघांनी मिळून वहीत चार रकाने आखा: शिल्लक मुद्दल, घटत्या शिल्लकीवरचा वार्षिक दर, हप्ता, उरलेले महिने. एकमेकांपासून लपवलेलं एखादं कार्ड किंवा हातउसने घेतलेले पैसे असतील तर तेही याच वहीत येऊ द्या. ते बाहेर राहिलं तर पुढचा सगळा हिशेब फोल आहे.

जास्त व्याज आधी की लहान रक्कम आधी?

एक उदाहरण घेऊ. चलन कुठलंही धरा. कार्डावर ६०,००० थकले आहेत, दरमहा ३ टक्क्यांनी, आणि तुम्ही त्यावर ३,००० भरता. दुसरं, एका वस्तूचं कर्ज, १८,००० शिल्लक, १६ टक्के दर, हप्ता १,६००. याशिवाय दरमहा ४,००० जास्तीचे भरता येतात.

हे ४,००० कार्डात घातले तर दोन्ही कर्जं अकराव्या महिन्यात संपतात आणि एकूण व्याज साधारण १२,००० जातं. तेच आधी लहान कर्जात घातले तर ते चौथ्या महिन्यात मिटतं, मग मोकळा झालेला १,६०० चा हप्ताही कार्डाकडे वळतो आणि दोन्ही कर्जं पुन्हा अकराव्याच महिन्यात संपतात. व्याज मात्र साधारण १३,५५० होतं.

म्हणजे फरक दीड हजाराचा. तो लहान नाही, पण त्यात काय मिळतं तेही पाहा. चौथ्या महिन्यापासून एक बंधनकारक हप्ता कायमचा गेलेला असतो. बाळंतपणाच्या रजेत एक पगार थांबला, किंवा मूल आजारी पडलं, तर त्या महिन्यात भरावीच लागणारी रक्कम १,६०० ने कमी असते. कार्डात जास्तीचे भरल्याने अशी मोकळीक लगेच मिळत नाही.

मनाचा भागही पोकळ नाही. डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कर्जाची खाती एकेक करून बंद होत गेलेले लोक शेवटी कर्जमुक्त होण्याची शक्यता जास्त दिसली. सिंगापूरमध्ये गरीब कुटुंबांची जुनी कर्जं एका योजनेतून फेडली गेली, त्यांच्यावरचा अभ्यास २०१९ मध्ये आला. तिथे नुसत्या रकमेपेक्षा किती खाती मिटली याला महत्त्व होतं. जितकी जास्त खाती बंद, तितकी चिंता कमी आणि विचारशक्ती ताजी. तान्ह्या मुलाच्या घरात झोप आधीच अपुरी असते. पाच तारखा लक्षात ठेवण्याऐवजी तीन ठेवायच्या, यातली सुटका मला दीड हजाराच्या तोडीची वाटते.

पण हे गणित लहान कर्ज खरोखर लहान असेल तोवरच बसतं. त्याच उदाहरणात १८,००० ऐवजी ५५,००० शिल्लक असते, तर ते संपवायला जवळपास अकरा महिने लागले असते आणि तेवढा काळ कार्ड तीन टक्क्यांनी चरत राहिलं असतं. म्हणून माझा निकष असा: लहान कर्ज तीन-चार महिन्यांत मिटणार असेल तर आधी ते मिटवा, त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर थेट सगळ्यात महाग व्याजाकडे जा. दरांमध्ये दोन-तीन टक्क्यांचाच फरक असेल तर क्रमावर वाद घालू नका, लहान आधी घ्या.

दोन्ही रस्त्यांवर एक गोष्ट नक्की टाळायची: जास्तीचे पैसे सगळ्या कर्जांत थोडे थोडे वाटणं. त्यात व्याजही फारसं वाचत नाही आणि खातंही बंद होत नाही.

सगळं एकत्र करून एकच हप्ता

हा प्रस्ताव ऐकायला फार गोड लागतो, कारण हप्ता लगेच अर्ध्यावर येतो. १,००,००० च्या कर्जावर दोन पर्याय शेजारी ठेवले तर असं दिसतं:

| | जुनं कर्ज | नवं एकत्रित कर्ज |
|---|---|---|
| वार्षिक दर | १८ टक्के | १२ टक्के |
| मुदत | २ वर्षं | ५ वर्षं |
| हप्ता | ४,९९२ | २,२२४ |
| एकूण व्याज | सुमारे १९,८०० | सुमारे ३३,५०० |

दर एक तृतीयांशाने उतरला, तरी व्याज साडेतेरा हजारांनी वाढलं. शिवाय नव्या कर्जाचं प्रक्रिया शुल्क आणि जुन्याचं मुदतपूर्व फेडीचं शुल्क यात धरलेलंच नाही.

तरीही मी हा रस्ता सरसकट नाकारणार नाही. कार्डाची थकबाकी कमी दराच्या कर्जात वळवली, मुदत आधीइतकीच ठेवली किंवा हप्ता आधीइतकाच भरत राहिलात, तर यात निखळ फायदा आहे. अट एवढीच की रिकामं झालेलं कार्ड बंद करायचं, निदान त्याची मर्यादा उतरवून घ्यायची. ते उघडं राहिलं की वर्षभरात नवं कर्जही असतं आणि कार्डही पुन्हा भरलेलं असतं.

राहत्या घराच्या तारणावर वरकर्ज (टॉप-अप लोन) काढून कार्ड फेडायचा सल्लाही मिळेल. दर खरंच कमी असतो. पण विनातारण कर्ज थकलं तर पत जाते, वसुलीचा तगादा लागतो; तारण कर्ज थकलं तर छप्पर जाऊ शकतं. नोकरी नवी असेल किंवा घर एका पगारावर चालत असेल तर मी हा पर्याय हातात घेणार नाही. कागदावर जोडीदाराची सही सहकर्जदार म्हणून घेतात, तेव्हाही समजून सही करा. सहकर्जदारावर अर्ध्या नव्हे, पूर्ण रकमेची जबाबदारी येते.

बचत फोडून कर्ज फेडावं का?

नुसत्या आकड्यांत उत्तर सरळ आहे. बचतीवर मिळणाऱ्या व्याजापेक्षा कार्डाचं व्याज कितीतरी पट आहे, तेव्हा फोडा. पण सगळी गंगाजळी रिकामी करू नका. घरभाडं, किराणा, औषधं आणि बंधनकारक हप्ते यांचा किमान एका महिन्याचा खर्च बाजूला राहू द्या, एकाच पगाराचं घर असेल तर दोन महिन्यांचा. नाहीतर पहिल्याच अडचणीत तेच कार्ड पुन्हा बाहेर येतं, आणि फेडीचा उत्साह तिथेच मोडतो. मुलाच्या भविष्यासाठी सुरू केलेली गुंतवणूक महाग कर्ज संपेपर्यंत थांबवली तर मुलावर अन्याय होत नाही. त्या गुंतवणुकीतून दरवर्षी छत्तीस-चाळीस टक्के मिळतील असं खात्रीने कोणीही सांगू शकत नाही.

नातेवाइकांकडून हातउसने घेतलेल्या पैशांना व्याज नसतं म्हणून ते कायम शेवटी ढकलले जातात. मला हे बरोबर वाटत नाही. यादीत त्यांना शेवटी ठेवलंत तरी त्यांना स्वतः जाऊन सांगा की अमुक महिन्यापासून दरमहा एवढे देऊ, आणि मधल्या काळात छोटी का होईना, ठरलेली रक्कम पोहोचवत राहा.

हे सगळं कधी लागू पडत नाही

वर सांगितलेले पर्याय महिनाअखेरीला काही उरतं असं धरून आहेत. हप्ते आणि रोजचा खर्च मिळून पगाराच्या पुढे जात असतील तर क्रमाचा प्रश्नच उरत नाही. तिथे एका हप्त्यासाठी दुसरं कर्ज काढणं थांबवायचं आणि हप्ता चुकण्याच्या आधी कर्ज देणाऱ्याकडे जायचं. मुदत वाढवणं, काही महिने फक्त व्याज भरणं, दंड माफ करून घेणं हे सगळं आधी गेल्यावर जास्त सहज मिळतं. जे ठरेल ते लेखी घ्या. वरच्या तक्त्यात तोट्याची दिसलेली मुदतवाढ इथे योग्य ठरते, कारण आता थोडं जास्त व्याज देऊन तुम्ही घराचं भाडं आणि मुलाचं औषध सुरक्षित करत असता. तडजोडीत काही रक्कम माफ होण्याचा प्रस्ताव आला तर ती नोंद पतअहवालावर (क्रेडिट रिपोर्टवर) कशी आणि किती काळ राहील हे सही करण्याआधी विचारा, आणि पूर्ण फेडीनंतर थकबाकी नसल्याचा दाखला मागून घ्या.