देशी, हॉबी की आर-टेन? पोरीच्या रायफलला पेलेटचा कोणता डबा घ्यावा

गेल्या शनिवारी पनवेलहून ठाण्याला परतताना लोकलमध्ये एका आईने मला गाठलं. मुलगी सोबतच, आठवीत, दहा मीटर एअर रायफल सुरू करून सहा महिने झालेले. "काका, पेलेट बदला म्हणतायत. दुकानदार म्हणतो आर-टेनच घ्या. केवढ्याला आहे तो डबा, माहितीय का तुम्हाला?" माहितीय. रबाळ्यापासून ठाण्यापर्यंत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, उरलेलं इथे लिहितो.

घरी छर्रा म्हणतो, रेंजवर पेलेट. सगळी ४.५ मिलिमीटरची, बहुतेक शिशाची. तोंड चपटं, म्हणजे कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. कंबर बारीक, आणि मागे पोकळ घेर, ज्याला आम्ही स्कर्ट म्हणतो. हवेच्या दाबाने हा स्कर्ट फुलतो आणि नळीतल्या आट्यांना घट्ट धरतो. पेलेटचं बरं-वाईट ठरतं ते बहुतेक इथेच. (येऊरच्या जंगलाच्या पायथ्याशी राहतो आणि रायफल आहे म्हटलं की लोक हरणाबद्दल विचारतात. शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे, आणि आमची मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची, जेमतेम साडेसात ज्यूल ताकदीची. कागदाशिवाय कशावर रोखायची नाही.)

बाजारात ढोबळमानाने तीन पायऱ्या आहेत. पहिली देशी डबा. स्वस्त, कधीही मिळतो. मधली म्हणजे आरडब्ल्यूएस कंपनीचे हॉबी किंवा बेसिक, ०.४५ ग्रॅमचे. वरच्या पायरीवर आरडब्ल्यूएसचा आर-टेन आणि एच अँड एनचा फिनाले मॅच. दोन्ही जर्मन, रायफलसाठी ०.५३ ग्रॅमचे. चेक देशातला जेएसबीही याच रांगेतला. वजनावर फार डोकं खपवू नका. स्प्रिंगच्या रायफलला हलकं, हवेच्या सिलिंडरवाल्या मॅच रायफलला ०.५३, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आता पैसे कुठे घालायचे ते. रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेलेटचा मध्य त्यापासून जितका सरकेल तितका दशांश कमी होतो, दर पाव मिलिमीटरला एक. नेम अचूक असूनही पेलेटच दोन मिलिमीटर भरकटलं, तर एका शॉटला जास्तीत जास्त मिळणाऱ्या १०.९ गुणांचे १०.१ होतात. हे ऐकून पालक घाबरतात आणि थेट आर-टेन घेतात. पण हात आणि पेलेट यांच्या चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत. एकमेकींशी संबंध नसलेल्या चुकांचे वर्ग बेरजेत येतात, मग त्या बेरजेचं वर्गमूळ काढायचं. पोरीचा हात अजून दहा मिलिमीटर भटकतो आणि पेलेट दोन, तर मिळून बारा होत नाहीत, १०.२ मिलिमीटर होतात. त्या दोनाचं एक केलंत तरी फरक डोळ्यांना दिसायचा नाही. हात तीनवर आला की मात्र तीन आणि दोन मिळून ३.६ होतात. तिथे महाग डबा कामाला येतो. माझा हिशोब असा आहे: साठ शॉट्समध्ये दशांशासह ५९० च्या खाली असाल तर मधली पायरी. तिथून वर चढायला लागलात की आर-टेन किंवा फिनाले. ओपन साइटवाल्यांनी, म्हणजे साध्या उघड्या माशीवरून नेम धरणाऱ्यांनी, तर हा विचारच करू नये.

मग अगदी सुरुवातीला देशी का नको? नको असं नाही. पहिले दोन-तीन महिने, उभं राहणं, श्वास, ट्रिगर शिकताना चालतो. माझा आक्षेप त्याच्या सरासरीवर नाही, मधूनच निघणाऱ्या एखाद्या वाईट पेलेटवर आहे. सराफी काट्यावर तीस पेलेट एकेक करून ठेवून बघा. नंतर रुमालावर ओतून भिंग घेऊन स्कर्ट पाहा. एखाद्याची कड चेपलेली, एखाद्याला शिशाचा कण चिकटलेला. मुलगी व्यवस्थित शॉट सोडते आणि पडतो आठ. ती ट्रिगरला दोष देते, मग सवय बदलते, आणि ती बदललेली सवय सोडवायला सहा महिने जातात. हॉबीत हे क्वचित होतं. एवढ्यासाठीच मी त्याचे पैसे देतो.

खर्चाचा अंदाज बांधताना किंमत डब्याची नका बघू, वर्षाची बघा. एका सरावाला शंभर पेलेट सहज जातात, डब्यात असतात पाचशे. आठवड्यातून चार दिवस म्हटलं तर वर्षाला चाळीसेक डबे. दोन पायऱ्यांमधल्या फरकाला चाळीसने गुणा, मग ठरवा. बरेच जण दोन डबे ठेवतात, सरावाचा वेगळा आणि मॅचचा वेगळा. मला ते पटत नाही. दोन्हींचा पडण्याचा बिंदू किंचित वेगळा असतो आणि मॅचच्या सकाळी साइटचे क्लिक मोजत बसावं लागतं.

वरच्या पायरीवर गेलात की नावापेक्षा लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेला माल, महत्त्वाचा. डब्यावर डोक्याचं माप असतं, ४.४९, ४.५०, ४.५१. तुमच्या नळीला कोणतं मानवेल ते कोणी सांगू शकत नाही. क्लबात व्हाइस (शिकंजा) असेल तर रायफल त्यात आवळून प्रत्येक मापाचे दहा-दहा शॉट मारा. दहा शॉट मिळून पडलेल्या भोकाची बाहेरून बाहेर रुंदी मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. उरतो तो पेलेटचा आणि नळीचा दोष. एक मिलिमीटरच्या आसपास आला की शोध थांबवा आणि त्याच लॉटचे जमतील तेवढे डबे उचला. मी एकदा कॅप्टन एझिकेल स्पर्धेच्या आधी लॉट न बघता तेच नाव, तेच माप असलेला डबा घेतला. वरळीला सायटिंगमध्ये, म्हणजे मॅचआधीच्या चाचणीच्या शॉट्समध्ये, सगळे शॉट्स उजवीकडे सांडायला लागले. पहिले दहा शॉट मी स्वतःवरच संशय घेण्यात घालवले.

एक गोष्ट इथल्या हवेची. जुलैत खाडीकाठच्या घरात उघडा डबा ठेवलात तर शिशावर पांढरी भुकटी चढते. ती नळीत जाते आणि आर-टेनचा देशी होऊन बसतो. घट्ट झाकणाची बरणी, त्यात बुटांच्या खोक्यातल्या सिलिकाच्या पुड्या. डबा पिशवीत खुळखुळत नेऊ नका, स्कर्ट चेपतात. काही महागड्या पेट्यांत प्रत्येक पेलेट फोमच्या खाचेत बसवलेलं असतं ते यासाठीच, पण सरावाला ती चैन नको.

पनवेललाच नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. २००४ मध्ये क्वालालंपूरला एअर रायफलमध्ये त्यांनी ४०० पैकी ४०० गुण मारले होते. ते मुलीला सांगत होतो तर तिचं लक्ष वडापावात. तिच्या अंगठ्याची आणि तर्जनीची टोकं राखाडी झाली होती, दिवसभर पेलेट भरून. शिसं ते. वडापाव काढून घेतला, आईच्या पर्समधून पेपर सोप निघाला, आणि ऐरोलीला गाडी थांबली तेव्हा ती खिडकीतून हात बाहेर काढून बाटलीच्या पाण्याने बोटं चोळत होती. डबा हॉबीचा घ्यायचं ठरलं. दोन घ्या म्हटलं, एकाच लॉटचे.