मिरजेचा तंबोरा, अकरा महिन्यांनंतर (घरात डिमेन्शियाचं माणूस असेल तर नक्की वाचा)

गेल्या दिवाळीच्या आधी मिरजेतून तंबोरा घेतला, त्याला आता अकरा महिने होतील. घ्यायच्या आधी मी बऱ्याच जणांना विचारलं होतं, पण सगळे किंमत आणि लाकूड ह्याच्यावरच बोलायचे, घरी आणल्यावर रोजच्या जगण्यात काय फरक पडतो ते कुणी सांगितलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मी सांगलीत विश्रामबागला राहते, वय ५९. प्राथमिक शाळेत ३३ वर्षं शिकवलं आणि रिटायर झाले. रिटायर झाल्यावर वर्षभरातच जाणवायला लागलं की लक्ष टिकत नाहीये. पेपर हातात घेतला की तिसऱ्या ओळीला मन भलतीकडेच, कुणी बोलत असलं की अर्धं ऐकायचं आणि अर्धं निसटायचं, दूध तर किती वेळा उतू गेलं. वयाला असं होतं हे मान्य, पण आमच्या घरात आई आहे. माझी आई, ८३ वर्षांची, चार वर्षांपासून अल्झायमर. तिला मी रोज बघते, त्यामुळे एखादं नाव आठवलं नाही तरी माझ्या पोटात गोळा यायचा. तिच्या मेंदूच्या डॉक्टरांना एकदा मी माझ्याचबद्दल विचारलं तर ते म्हणाले, शब्दकोडी वगैरे ठीक आहेत, पण कान आणि हात दोन्ही कामाला लागतील असं काहीतरी नवीन शिका आणि रोज करा. लहानपणी गाण्याच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, लग्नानंतर सगळं सुटलं. म्हणलं आता तंबोराच घेऊ.

सांगलीपासून मिरज म्हणजे वडापनं (शेअर गाडीनं) अर्ध्या तासाच्या आतलं काम, पण इतकी वर्षं इथं राहून सतारमेकर गल्लीत मी पहिल्यांदाच गेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारी, पटवर्धनांच्या संस्थानातली. हत्यारांचं काम कमी झालं आणि १९व्या शतकात फरीदसाहेबांपासून हे लोक तंतुवाद्यांकडं वळले, ते आजपर्यंत पिढ्यान् पिढ्या चाललंय. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन (भौगोलिक ओळखीचा सरकारी शिक्का) मिळालं. किराणा घराण्याचे मोठे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले, १९३७ ला गेले, त्यांची कबर मीरासाहेब दर्ग्यात आहे आणि दरवर्षी तिथं त्यांच्या आठवणीत गाणं होतं. हे सगळं आपल्या दारात आहे आणि मी आयुष्यभर मिरजेला फक्त दवाखान्यासाठी जात होते, ह्याचं खरंच वाईट वाटलं.

ज्या चाचांकडून घेतला त्यांनी घाई अजिबात केली नाही. भोपळा कसा बघायचा, तो पंढरपूर मंगळवेढ्याकडनं येतो, कसा वाळवतात, सगळं दाखवलं. आधी मला गायला लावलं, माझी पट्टी बघितली आणि मग त्या मापाचा काढून दिला. चार तारा, तीन पोलादी आणि शेवटची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, पितळी. कव्हरसकट २६ हजार पडले.

आता मुख्य मुद्दा, लावणं, म्हणजे तारा सुरात जुळवणं.

तंबोरा वाजवायला सोपा आहे, मधल्या बोटानं पहिली पंचमाची तार, तर्जनीनं बाकीच्या तीन, एका लयीत, बस्स. अवघड आहे तो लावणं. मधल्या दोन तारा, जोड म्हणतात त्याला, एकाच सुरात यायला पाहिजेत. त्या जवळजवळ जुळल्या पण पूर्ण नाही जुळल्या की आवाजात एक हेलकावा येतो, वाँव वाँव वाँव असा. खुंटी जरा पिळली, तारेतला मणी जरा सरकवला की तो हेलकावा हळू होत जातो, आणखी हळू, आणि एका क्षणी थांबतो, दोन तारांची एकच होते. पहिल्या महिन्यात मला हे करायला पाऊण तास लागायचा आणि घामाघूम व्हायचे. मग जवारीचा, म्हणजे तारेच्या गुंजनाचा, दोरा, तारेखाली घोडीवर (तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर) सरकवायचा, एवढासा सुती दोरा, केसभर पुढंमागं झाला तरी आवाज बोदा होतो, आणि जागेवर बसला की तार एकदम उमलते. पाऊण तास मन दुसरीकडं जाऊच शकत नाही, गेलं की हेलकावा सुटतो, परत पहिल्यापासनं. आपल्याकडं तंबोऱ्यालाही लावणं म्हणतात आणि कानालाही लावणं म्हणतात, ते का हे मला ५९व्या वर्षी कळलं.

तिसऱ्या महिन्यात एक दिवस पहाटे वाजवत होते आणि मला गंधार (सा रे ग मधला ग) ऐकू आला. तंबोऱ्यावर गंधाराची तारच नसते, पण खर्जाची तार चांगली लागली की तिच्या पोटातून तो आपोआप वर येतो, स्वयंभू गंधार म्हणतात. आमच्या बाईंनी लहानपणी सांगितलं होतं तेव्हा मला वाटायचं की उगाच सांगतायत. तो आधीपण वाजतच होता की, माझा कान तिथवर पोचत नव्हता. वाद्य तेच, तारा त्याच, बदललं ते माझं डोकं. ह्यापेक्षा मोठा पुरावा मला नको होता.

तरी मी वाचत गेले, मास्तरकीची सवय. आपण सूर ऐकतो तेव्हा कानशिलाच्या आतला मेंदूचा भाग काम करतोच, पण वाद्य हातात असलं की बोटं हलवणारा भाग, मघाचा सूर धरून ठेवणारी तात्पुरती आठवण आणि चूक पकडणारा भाग, हे सगळे एकाच वेळी जागे लागतात. अमेरिकेत ६० ते ८५ वयाच्या, वाद्य न येणाऱ्या लोकांना सहा महिने पियानो शिकवला आणि आठवण, लक्ष ह्याच्या चाचण्यांमध्ये त्यांची सुधारणा दिसली, ते २००७ साली छापून आलंय. माणसं थोडीच होती, पण माझ्या वयाची होती म्हणून मला धीर आला. उलट १९९३ चा तो मोझार्टचा प्रयोग, ज्याच्या नावावर लहान मुलांचे आईबाप अजून पैसे घालवतात, तो कॉलेजच्या मुलांवर होता आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला होता. नुसतं ऐकवून बाळ हुशार होतं असं त्यात कुठंच नव्हतं. शाळेत असताना कितीतरी पालकांनी मला ह्याबद्दल विचारलं आणि मला नीट उत्तर देता आलं नाही, ते आज देतेय.

माझ्यात काय बदललं ते खरंखरं सांगते. नावं अजूनही विसरतात, त्यात फार फरक नाही. बीपीची गोळी तेवढीच आहे. पण लक्ष टिकतं. पुस्तक घेऊन बसले तर तासभर बसते. मे महिन्यात कार्यालयात लग्नाला गेले होते, बँड, माईक, पोरांचा दंगा, त्यात नणंद शेजारी बसून हळू आवाजात सांगत होती ते मला सगळं समजलं, आधी मी अशा ठिकाणी नुसती मान डोलवायचे. वाद्य वाजवणाऱ्यांना गोंगाटात बोलणं जास्त चांगलं कळतं असं काही अभ्यासांत आलंय, माझ्या बाबतीत तरी ते पटलं.

आणि आता आई. तिच्यासाठी मी काहीच घेतलं नव्हतं. आई मला ओळखत नाही. सकाळी चहा दिला की विचारते, तू कुणाची गं? संध्याकाळ झाली की तिला कसलीतरी घालमेल सुरू होते, दाराशी जाते, तासगावला जायचंय म्हणते, तिचं माहेर तिकडचं. डिसेंबरात अशाच एका संध्याकाळी मी तंबोरा लावत बसले होते तर ती दारातनं वळली, माझ्यासमोर येऊन खाली बसली आणि तिनं तळहात भोपळ्यावर ठेवला. तार छेडली की भोपळा थरथरतो, हाताला ते अगदी कळतं. पाचेक मिनिटं तशीच बसली, डोळे मिटून. आणि गायला लागली. जात्यावरच्या ओव्या, तिच्या आईच्या. एक नाही, सलग सात, एकही शब्द न अडखळता, माझ्या पट्टीत. ज्या बाईला सकाळी जेवलेलं दुपारी आठवत नाही तिच्याकडून सात ओव्या. हे आतल्या खोलीतनं बाहेर आले आणि दारातच उभे राहिले.

डॉक्टरांना सांगितलं तर त्यांना आश्चर्य नाही वाटलं. ते म्हणाले खूप जुनी गाणी मेंदूत ज्या भागात राहतात तो भाग ह्या आजारात बराच उशिरा झिजतो. २०१५ साली लाइपझिगच्या संशोधकांनी हे तपासलंय, आधी तरुण निरोगी लोकांत ओळखीच्या गाण्यांना मेंदूचा कुठला भाग उजळतो ते बघितलं आणि मग अल्झायमरच्या पेशंटमध्ये त्या भागाची झीज मोजली, तर ती बाकीच्यापेक्षा खूप कमी निघाली. पण ते हेही स्पष्ट म्हणाले की ह्यानं आजार बरा होत नाही, थांबत पण नाही. गाणं संपलं की आई परत विचारते, तू कुणाची गं. फक्त तेव्हा तिचा आवाज घाबरलेला नसतो. काही संध्याकाळी काहीच उपयोग होत नाही, तिला आवाजच नको असतो, अशा वेळी लगेच बंद करायचं, ओढून ताणून ऐकवायचं नाही. आणि गाणी आपल्या आवडीची नाही, त्यांच्या तरुणपणीची पाहिजेत.

तक्रारी पण लिहिते. पावसाळ्यात सांगलीची हवा ह्या वाद्याला मानवत नाही. जुलैमध्ये खुंट्या फुगून जॅम झाल्या, पोलादी तारांवर गंजाचे ठिपके आले. खुंटीला खडूची पूड लावायची, तारा कोरड्या कापडानं रोज पुसायच्या, आणि नदीचं पाणी वाढायच्या बातम्या सुरू झाल्या की मी तंबोरा माळ्यावर हलवते, २०१९ चा पूर बघितलेला माणूस दुसरं काय करणार. प्रवासात फार जपावं लागतं. जूनमध्ये जवारी करायला, म्हणजे घोडीचा माथा घासून घ्यायला, मिरजेला नेताना वडापमध्ये कुणाचातरी गुडघा लागला आणि भोपळ्याला वीतभर चीर गेली. चाचांनी आतून कापड चिकटवून दिली, आवाज वाचला, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून रिक्षाच करते. गुडघे दुखत असतील तर मांडी घालून बसणं जमणार नाही, खुर्चीवर बसून आडवा घेऊन वाजवा, काही बिघडत नाही.

मोबाईलवर तंबोऱ्याचं ॲप फुकट मिळतं मग २६ हजार कशाला, असं माझ्या भावानं विचारलं. नुसतं गायला साथ पाहिजे असेल तर ॲप उत्तम आहे, मी पण बाहेरगावी वापरते. पण ॲप लावलेलंच येतं. तुमच्या कानाला जे काम पाहिजे ते कंपनीनं आधीच करून ठेवलेलं असतं. आणि ॲपवर आईला हात ठेवता येत नाही.

गेल्या आठवड्यात खर्जाची तार तुटली. शनिवारी मिरजेला जाऊन नवीन सेट आणणार आहे, घटस्थापनेच्या आधी सगळ्याच तारा बदलून घेईन म्हणते. तोवर थांबावं असा विचार होता, पण सहा वाजले की आई येऊन समोर बसते आणि हात पुढं करते, म्हणून तीनच तारांवर वाजवतेय.