माझ्याच वहीतला नंबर मला विकला

हे लिहायला दोन महिने लागले, कारण मला फसवणाऱ्याला शिकवलं मीच होतं. आकडा आधी सांगून टाकतो : ४ लाख ३० हजार.

मी साताऱ्याचा. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवायचो, आता निवृत्त. गेली अकरा वर्षं सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातल्या जुन्या जीप शोधून त्यांची नोंद ठेवतो. गोठ्यात, साखर कारखान्याच्या मागच्या आवारात, वाड्याच्या पडवीत एखादी सापडतेच. स्वातंत्र्याच्या सुमाराला महिंद्रांनी मुंबईत जीपची जुळणी सुरू केली, त्यामुळे आपल्याकडे जास्त दिसते ती त्यांची सीजे-३बी, म्हणजे ‘हाय बॉनेट’. तिच्यातही बहुतेकींचं पेट्रोल इंजिन कधीच निघालंय, डिझेल बसलंय. महायुद्धातली ‘लो बॉनेट’ क्वचित. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अमेरिकेत या सहा लाखांवर बनवल्या. विलीजची ती एमबी, फोर्डची ती जीपीडब्ल्यू. माझ्या वहीत १४३ नोंदी आहेत, त्यांत जीपीडब्ल्यू चारच.

नोंद म्हणजे काय, तर पाठीवर झोपायचं. फोर्डचा नंबर चेसिसच्या, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी सांगाड्याच्या, डाव्या पट्टीच्या वरच्या अंगावर ठोकलेला असतो. त्यावर ऐंशी वर्षांची ग्रीस-माती. डिझेलचं फडकं, तारेचा ब्रश, मग पांढरा खडू आडवा घासायचा आणि टॉर्च बाजूने धरायचा. आकडे एकेक करून उठतात. पहिला आकडा वाचता आला की मला अजूनही छातीत धडधडतं. मग फोटो, गाव, मालकाचं नाव, काय शिल्लक आहे, काय गेलंय. सगळं वहीत.

गेल्या उन्हाळ्यात एक जण घरी आला. चाळिशीचा, बोलायला अतिशय गोड. मराठवाड्यात हेच काम करतो म्हणाला. येताना पेढे घेऊन आला होता. साताऱ्यात पेढे घेऊन येणारा माणूस, तिथेच ओळखायला हवं होतं. तीन तास बसला. विलीज आणि फोर्ड वेगळी कशी ओळखायची हे मी त्याला चहा पाजून शिकवलं : फोर्डच्या बोल्टांच्या डोक्यावर छोटा ‘एफ’ असतो, रेडिएटरपुढचा आडवा दांडा विलीजला गोल पाइपचा, फोर्डला उलट्या ‘यू’ आकाराचा, फोर्डमधून बाहेर पडताना इंजिन आणि चेसिसचा नंबर एकच असायचा. त्याने वहीच्या पानांचे फोटो मागितले. मीच एका हाताने पानं दाबून धरत होतो.

चार महिन्यांनी फोन आला. ‘सर, जीपीडब्ल्यू सापडलीय. इंजिन-चेसिस नंबर एकच. घरात म्हातारी आजी आहे, तिला गाडी जाणकाराच्या हातात द्यायची आहे. दोन गिऱ्हाइकं मागे लागलीत, पण मी म्हटलं, आधी सर.’

चार लाख दहा हजार. वर वीस हजार व्हिंटेज नोंदणीचे. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीच्या नव्या नोंदणीची फी २०,००० आहे हे खरं, म्हणून मला शंका आली नाही. ती फी सरकारला भरायची असते, मध्यस्थाच्या हातात द्यायची नसते, एवढं साधं सुचलं नाही. पन्नास हजार इसार म्हणून लगेच ऑनलाइन पाठवले. खातं तिसऱ्याच नावाचं होतं. ‘आजींच्या नातवाचं,’ म्हणाला.

गाडी दाखवली ती दिवेलागणीला. पडवीत एकच बल्ब. आजी आत झोपलेल्या, त्यांना बरं नव्हतं. आरसी बुकाची झेरॉक्स होती. मूळ पुस्तक ‘आरटीओत बॅकलॉग एंट्रीसाठी दिलंय’, म्हणजे जुनी कागदी नोंद संगणकावर चढवायला. मी बोल्ट पाहिले, एफ होते. चेसिसचा नंबर वाचला. इंजिन ब्लॉकच्या उजव्या बाजूचा नंबर वाचला. तोच. पुढच्या दांड्यावर जाड पत्र्याचं गार्ड ठोकलं होतं आणि त्यावर माती थापलेली. ते काढून बघतो म्हणायला जीभ रेटली नाही. माझ्या वहीतल्या चार जीपीडब्ल्यूंपैकी ज्या दोघींत अजून इंजिन आहे, त्यांपैकी एकीचाही नंबर जुळत नाही. लष्कराच्या वर्कशॉपात इंजिनं अशी अदलाबदल व्हायची की जुळलं तरच नवल. हे मला पाठ होतं. पण त्या बल्बखाली मला फक्त जुळलेला नंबर दिसत होता. बायको नंतर म्हणाली, ‘छत्तीस गुण जुळले की काय तुमचे?’

उरलेले पैसे रोख दिले. ट्रकवर चढवून गाडी घरी आणली.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन बसलो आणि १४४ वी नोंद लिहायला वही उघडली. नवीन नंबर आला की मागचे सगळे नंबर चाळायची सवय आहे. ८७ वर बोट थांबलं. तोच नंबर, माझ्याच अक्षरात. ‘पाटण तालुका. जीपीडब्ल्यू. फक्त चेसिस व पुढचा अॅक्सल. बॉडी, इंजिन नाही. वर कोंबड्यांचं खुराडं.’

कप तसाच ठेवून अंगणात गेलो आणि गार्डचे चार बोल्ट सोडले. आत गोल पाइप. विलीज म्हणा, महिंद्रा म्हणा, काहीही म्हणा, फोर्ड नाही. मग डाव्या पट्टीवर पेंट रिमूव्हर लावला. नंबरच्या दोन्ही बाजूंना वेल्डिंगचे सांधे निघाले, ग्राइंडर फिरवून पुट्टी भरलेले. दीड फुटाचा तुकडा खरा फोर्डचा, बाकी सगळं दुसऱ्या गाडीचं. इंजिनच्या नंबराची जागा घासून सपाट केली होती आणि त्यावर नवे आकडे ठोकले होते. जुन्या ठोकणीच्या कडा गंजाने बोथट होतात. या बोटाला टोचत होत्या. एफवाले बोल्ट तर नवे विकत मिळतात.

दुपारीच पाटणला गेलो. खुराडं होतं, पण एका अंगाला कललेलं, खाली दगड लावलेले. चेसिसचा डावा पुढचा भाग कापून नेलेला. मालक शेतातून आले. मी विचारलं, कोणी कापलं? ते म्हणाले, ‘असं काय करताय सर? तुमचंच नाव सांगितलं की त्यानं. सरांनी पाठवलंय, संग्रहालयात ठिवायचंय म्हणला. दोन हजार देत हुता, मी पाचशेच घेतलं.’

चार लाखांपेक्षा हे जास्त लागलं. पैसे माझे गेले, पण ८७ नंबरची ती चेसिस ऐंशी वर्षं ऊनपाऊस खाऊन टिकली होती आणि माझ्या वहीमुळे तुटली.

पुढचं थोडक्यात. त्याचा फोन बंद. ती पडवी महिन्याच्या भाड्याने घेतलेली, आजी नव्हत्याच. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० वर फोन करायचा असतो आणि तो लगेच करायचा असतो. मी केला तेव्हा इसार देऊन नऊ दिवस झाले होते, पैसे पुढच्या खात्यांत पांगले होते. पोलिसांनी तक्रार घेतली. चेसिस नंबरशी छेडछाड झालेली गाडी दारात ठेवणं म्हणजे स्वतःच्या गळ्यात घोरपड बांधून घेणं, म्हणून ती मीच नेऊन ठाण्यात उभी केली. तिथल्या हवालदाराने भोवती फेरी मारून विचारलं, ‘रोखीची पावती?’ नव्हती.

ज्यांच्याकडे जुनी जीप आहे किंवा घ्यायची आहे, त्यांनी एवढं करा. गाडी दिवसा बघा आणि गार्ड, मॅट, सीट काढायला लावा. मालक नाही म्हणाला तर परत या. नंबरच्या दोन्ही बाजूंना वीतभर रंग खरवडून बघा. झेरॉक्सवर व्यवहार करू नका, मूळ आरसी घेऊन स्वतः आरटीओत जा. तुकडे जोडलेली चेसिस व्हिंटेजमध्ये बसत नाही, कारण चेसिस, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठे बदल नकोत असं त्याच नियमांत आहे. आणि कोणी छंद म्हणून नंबरचा फोटो मागितला, तर शेवटचे तीन आकडे अंगठ्याखाली झाका. माझं नाव सांगितलं तरी.

वहीतल्या मालकांना मी एकेक करून फोन लावतोय. ९२ झाले. काल खटावहून एकांनी सांगितलं, ‘येऊन गेला की तुमचा माणूस. पेढे दिले.’